विनातारण कर्ज: मंदीतले समज आणि कागदावरची वस्तुस्थिती

लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की झळ एकट्या शेतकऱ्याला बसत नाही. हमाल, टेम्पोवाला, वजनकाट्यावरचा माणूस, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक करणारा कापडवाला, या सगळ्यांच्या हातात त्या महिन्यात पैसा कमी येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली आणि ती बंदी ४ मे २०२४ ला उठली. या पाच महिन्यांत ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं, त्यांच्या हप्त्याची तारीख मात्र एक दिवसही पुढे गेली नाही.

बंदीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १६ नोव्हेंबर २०२३ ला, रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जांचं जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केलं. हे ऐकायला क्लिष्ट वाटतं, पण हिशेब साधा आहे. शंभर रुपयांच्या अशा कर्जामागे बँकेला आधी स्वतःचं किमान ९ रुपये भांडवल ठेवावं लागत होतं, ते सव्वाअकरा रुपये झालं. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्ज यातून वगळलं होतं. गावात चणचण सुरू होत असतानाच कर्ज देणाऱ्यांनीही हात आखडता घेतला. आणि अशा वेळी पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपच्या गटात सल्ले फिरू लागतात. त्यातले निम्मे माणसाला उगाच घाबरवतात आणि निम्मे उगाच निर्धास्त करतात. माझ्या मते दुसरे जास्त घातक.

पहिला समज या कर्जाच्या नावातूनच येतो. विनातारण म्हणजे काही गहाण नाही, तेव्हा आपलं जातंय काय? तारण नाही हे खरं. पण कर्ज मंजूर करणारा तुमचा पगार, दुकानाचा गल्ला किंवा दुधाचा पगार बघूनच रक्कम ठरवतो. म्हणजे तुम्ही पुढच्या दोन-तीन वर्षांची कमाईच त्याच्याकडे ठेवलेली असते, आणि मंदीत सगळ्यात आधी जाते ती कमाईच. शिरवळ किंवा लोणंद एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला की मूळ पगारात घरखर्च भागतो, हप्ता भागत नाही. सोनं तारण असतं तर ते विकून मोकळं होता आलं असतं. कमाई विकता येत नाही.

"सरफेसी लागत नाही, म्हणजे घराला हात लावता येत नाही" असंही छातीठोक सांगितलं जातं. अर्धं बरोबर आहे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा तारण असलेल्या कर्जालाच लागू होतो. पण बँक दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा घेऊ शकते आणि मग मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही गोष्टी जप्तीबाहेर ठेवल्या आहेत: शेतकऱ्याची अवजारं, कामाची जनावरं, तो राहतो ते घर. नोकरदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन-तृतीयांश भागही सुरक्षित राहतो.

"जामीनदार काय, नुसत्या सहीपुरता"

सातारा-सांगली भागात विनातारण कर्जाचं सगळ्यात ओळखीचं रूप ॲपवरचं नाही, ते पतसंस्थेतलं जामीनकीचं आहे. दोन जामीनदार, दोघांच्या सह्या, आठवड्याभरात पैसे. सही करणारा बहुधा मेहुणा असतो, कारखान्यातला सोबती असतो, नाहीतर शेजारचे गुरुजी. "अहो गुरुजी, नियमापुरती सही हवी, मी आहे ना" एवढ्यावर सही होते. कागद वाचला तर पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून तो वाचला जात नाही.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. निम्मी नाही आणि नंतरचीही नाही. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला हक्काने म्हणता येत नाही. पतसंस्थेला तर दिवाणी दाव्याचीही गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली तिला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी थेट जप्तीची कारवाई करू शकतो. कलम ४९ खाली पगारातून कपातीला आधीच संमती दिलेली असेल तर मालकाला ती रक्कम कापून द्यावी लागते.

म्हणून मंदीत हप्ता अडकतोय असं दिसलं की सगळ्यात आधी जामीनदाराला सांगावं. त्याला दुसऱ्याच्या तोंडून किंवा नोटिशीतून कळलं तर पैशाबरोबर नातंही जातं. गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झाल्यावर दोन घरांचं बोलणं कसं थांबतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

कर्जदार गेला तर मुलांवर कर्ज येतं, हा समजही पक्का बसलेला आहे. वारसाची जबाबदारी त्याला वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांकडून काही आलं नसेल तर मुलाच्या स्वतःच्या पगाराला हात लागत नाही. पण मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर तो स्वतःच्या सहीने अडकलेला असतो.

"हप्ता चुकला की पोलीस येतात"

वसुलीच्या फोनवर हे वाक्य ठरलेलं असतं: "ताई, आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर पोलीस घरी पाठवतो." घरात सासूबाई बसलेल्या, मुलं अभ्यासाला, आणि फोन धरलेला हात थरथरतो. ती बाई शेजारणीकडून उसने घेऊन किंवा मंगळसूत्र मोडून एक हप्ता भरते. पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा येतो.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्याच्याकडे खरोखर पैसा नाही, त्याला निव्वळ देणं आहे म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही. या प्रश्नाला आपल्या भागात जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला भाव आला, सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी नवं कर्ज बंद करून जुन्याचा तगादा लावला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्याला त्याने बंदी घातली.

पण "काहीच होत नाही" हेही खरं नाही. कर्ज घेताना दिलेला धनादेश न वटला तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्याचं कलम २५ लागू शकतं. दोन्हीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. म्हणून पोस्टमनने आणलेलं पाकीट परत पाठवणं ही सगळ्यात महाग चूक ठरते. नोटीस घ्यावी, तारीख लिहून ठेवावी, वकिलाला दाखवावी. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं.

वसुलीच्या माणसालाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास देणं, यातलं काहीही चालत नाही.

"एक टक्का महिना, म्हणजे बाराच टक्के की"

समजा, एक लाख रुपये दोन वर्षांसाठी, महिना एक टक्का सरळ व्याजाने घेतले. व्याज २४,००० रुपये, हप्ता साधारण ५,१६७ रुपये. वर्षाला १२ टक्के वाटतात. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच मोजलं जातं. घटत्या बाकीवर हिशेब केला तर खरा दर सुमारे २१.६ टक्के निघतो. त्यात २ टक्के प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि न मागता गळ्यात मारलेला २,००० रुपयांचा विमा धरला तर हातात ९५,६४० रुपयेच पडतात, आणि दर २६ टक्क्यांच्या वर जातो. हप्ता तोच, कर्ज तेच.

हा खरा दर एका पानावर लिहून देणं बँका आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी बंधनकारक आहे. त्या पानाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात आणि ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागता येतं. त्यावर वार्षिक टक्केवारी, सगळी शुल्कं, हप्त्यांचा तक्ता, सगळं असतं. बाकीचा जाड गठ्ठा नाही वाचला तरी हे पान वाचल्याशिवाय सही करू नये.

याच्याच जोडीला आणखी एक समज आहे: "रेपो दर उतरला, आता हप्ता उतरेल." फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. ज्यांची गृहकर्जं बदलत्या दराची होती त्यांना फायदा झाला. वैयक्तिक कर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं, त्याचा हप्ता जागचा हलत नाही. शिवाय ते मुदतीआधी फेडायला गेलं तर शुल्क लागू शकतं.

मंदीत सरकार सांभाळून घेईल ही आशा दोन आठवणींवर उभी आहे, कर्जमाफीच्या आणि कोविडच्या. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना पीक कर्जासाठी होती. मोबाइलसाठी, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज तिच्यात बसत नव्हतं. आणि मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली ती हप्त्याला सवलत होती, व्याजाला नाही. दोन लाखांच्या बाकीवर १५ टक्क्यांनी सहा महिन्यांचं साधं व्याजच १५,००० रुपये होतं. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात व्याजावरचं व्याज रद्द केलं, पण संपूर्ण व्याजमाफीची मागणी फेटाळली.

"सिबिल बिघडलं, आता ॲपच बरं"

एक-दोन हप्ते उशिरा गेले की बँकेचं दार कायमचं बंद झालं असं समजून लोक मोबाइलकडे वळतात. पीक कर्जाचं नवं-जुनं करण्याची सवय असलेल्या गावाला एका ॲपचं कर्ज दुसऱ्या ॲपने फेडणं ओळखीचंच वाटतं. फरक एवढाच की नवं-जुनं वर्षातून एकदा, हंगामाला धरून होतं. इथे ते महिन्या-दोन महिन्यांवर येतं आणि प्रत्येक वेळी फी नव्याने कापली जाते.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि वेळेवर भरत गेलं तर सुधारतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने तो घसरत नाही. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तडजोडीने कमी रक्कम भरून खातं मिटवलं तर अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढचा कर्ज देणारा ती बघतो. पूर्ण फेडलेलं खातं आणि तडजोडीचं खातं एक नव्हे. तरीही व्याज फुगत राहण्यापेक्षा लोकअदालतीत लेखी तडजोड झालेली बरी, असंच मी म्हणेन.

ॲपने तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी घ्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे. पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण हे आधी सांगायला हवं. अधिकृत ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नसलेल्या ॲपने फोटो पाठवून धमकावलं तर तो कर्जाचा वाद उरत नाही. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

गावातला बिनपरवाना सावकारही याच काळात "बँकेपेक्षा मी बरा" म्हणतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हप्ता भरणं जमणार नाही हे बहुतेकांना तारखेच्या आधीच कळलेलं असतं. सलग ९० दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं, त्याआधी बोलण्याला वाव असतो. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज लेखी द्यावा, सोबत काम बंद झाल्याचं पत्र किंवा कांद्याची पट्टी जोडावी, पोहोच घ्यावी. बँक किंवा वित्त कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिची तक्रार घेऊन लोणंदच्या माणसाला तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, आणि तिथे सगळ्यात आधी विचारतात ती त्या अर्जाची पोहोच.