पडदा घरी, संगणक पुण्यात (लेखांक ६)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा अनेक कॉल सेंटरांनी आणि आयटी कंपन्यांनी कार्यालयातले डेस्कटॉप गाड्यांत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. काम सुरू राहिले. पण त्या यंत्रांबरोबर ग्राहकांची माहितीही घरोघर पोचली.

गेल्या आठवड्यात आपण व्हीपीएन पाहिले. त्यात कार्यालयातली फाइल घरच्या लॅपटॉपवर उतरवता येते आणि तिथेच राहू शकते. आभासी डेस्कटॉपची चाल उलटी आहे. संगणक डेटा सेंटरमध्ये चालतो, घरी येते ते फक्त त्याच्या पडद्याचे चित्र आणि आवाज. घरून परत जातात ते कळफलकाचे आणि माउसचे इशारे. कल्पना जुनी आहे. सिट्रिक्सने १९९५ मध्येच विनफ्रेममधून ती विकली. अॅमेझॉनची वर्कस्पेसेस २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि मायक्रोसॉफ्टची सेवा सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस, म्हणजे टाळेबंदीच्या जेमतेम सहा महिने आधी. ती आज अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप या नावाने ओळखली जाते.

नाशिकमध्ये वीस माणसांचे एक सीए कार्यालय आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्टची ही सेवा घ्यायची आहे असे धरू. पहिला निर्णय जागेचा. चित्राला जाऊन-येऊन लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात आहे, २०१५ पासून. स्वस्त दिसते म्हणून अमेरिकेतले केंद्र निवडले, तर अक्षर टाइप केल्यावर ते पडद्यावर उमटायची वाट पाहावी लागते. आकडेमोड करणाऱ्या माणसाला हा छळ रोज सोसवत नाही.

वीस माणसांना वीस यंत्रे लागत नाहीत. विंडोजच्या ‘मल्टी-सेशन’ आवृत्तीत एकाच यंत्रावर अनेकजण एकाच वेळी, आपापल्या डेस्कटॉपवर काम करतात. मग कोण आज कोणत्या यंत्रावर जाईल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येकाचे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग, आउटलुकची साठवण, ब्राउझरच्या खुणा, एफएसलॉजिक्स हे साधन एका स्वतंत्र आभासी डिस्कमध्ये ठेवते आणि लॉगिनच्या क्षणी ती डिस्क त्या यंत्राला जोडते. ही पायरी गाळली, तर यंत्र बदलले की आउटलुक सगळी मेल नव्याने उतरवू लागतो आणि लोक वैतागून जुन्या लॅपटॉपकडे वळतात.

आता बिल. मालकांच्या तक्रारी बहुधा इथेच असतात, आणि त्या खऱ्या असतात. संध्याकाळी कर्मचारी खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबतो आणि उठतो. त्याने सेशन तुटते, संपत नाही. यंत्र रात्रभर चालू राहते आणि मीटरही. कोणी जाणकार आतून विंडोज ‘शट डाउन’ करतो. तरीही अझुरच्या हिशेबी यंत्र नुसते थांबलेले असते, तुमच्या नावावर राखून ठेवलेले, आकारणी सुरूच. यंत्र अझुरकडूनच ‘डीअलोकेट’ व्हावे लागते. (तेव्हाही डिस्कचे भाडे चालूच असते, ते मात्र तुलनेने थोडे.) तुटलेले सेशन ठराविक वेळाने लॉग-ऑफ व्हावे असा नियम आणि कार्यालयीन वेळेप्रमाणे यंत्रे चालू-बंद करणारी ऑटोस्केल योजना, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी लावायच्या. पहिले बिल येईपर्यंत थांबायचे नाही.

सुरक्षेत एक चूक अक्षम्य आहे: रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे. खंडणीखोर सॉफ्टवेअरवाल्यांची ती आवडती वाट आहे. या सेवेत यंत्रच बाहेरच्या दिशेने जोडणी करते, त्यामुळे ते पोर्ट जगासाठी उघडण्याची गरजच पडत नाही. लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा पुरावा सक्तीचा हवा. क्लिपबोर्ड आणि घरची ड्राइव्ह यांची वाट बंद केली नाही, तर कॉपी-पेस्टने फाइल घरी जाते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

बारीक गोष्टीही अडवतात. यंत्राचे घड्याळ मुळात जागतिक वेळेवर असते, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. टाइम झोन वळवण्याची सेटिंग लावली नाही, तर नोंदींच्या वेळा चुकतात. मराठी कळफलक मूळ इमेजमध्येच, म्हणजे ज्या नमुन्यावरून यंत्रे बनतात त्यातच घालावा. आणि सीए कार्यालयाचा जीव ज्यात असतो ते डिजिटल सहीचे यूएसबी टोकन ब्राउझरमधून आत शिरल्यास चालत नाही. त्यासाठी विंडोजवरचे अॅप लागते.

म्हणून वीसही जणांना एकदम हलवू नका. आधी पाचजण निवडा. त्यांत ज्याच्या घरचे इंटरनेट सर्वांत वाईट आहे तो असू द्या, आणि जिच्याकडे सहीचे टोकन आहे तीही. रिटर्न भरण्याच्या गर्दीचा एक पंधरवडा त्यांना यावर काढू द्या, मगच उरलेल्यांचे लॅपटॉप परत मागा.