सुटींतील पाण्याची शाळा

मुलांच्या परीक्षा संपल्या कीं घरोघरीं एकच चिंता उभी राहते: आतां दीड महिना या मुलांचें करावयाचें काय? ऊन तर असें कीं दहा वाजल्यानंतर अंगणांत पाऊल ठेववत नाहीं. आणि मुलें घरांत कोंडावीं, तर मोबाइलपुढून तीं उठत नाहींत. मग सुज्ञ पालक चित्रकला, अबॅकस, पोहणें, संस्कृत संभाषण अशा वर्गांत त्यांचीं नांवें घालून मोकळे होतात. आम्हींहि दोन वर्षांपूर्वीं हाच मार्ग पत्करला होता. जूनमध्यें आमच्या चिरंजीवांस शाळेंत सुटीवर निबंध लिहावयास सांगितला. ते पेन्सिल चावीत बराच वेळ बसले आणि शेवटीं म्हणाले, "बाबा, आपण सुटींत केलं काय?" चार वर्गांची फी भरूनहि या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलाची सुटी आपण गच्च भरली खरी, पण त्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं, हें त्या दिवशीं आम्हांस उमगलें.

पुढील वर्षीं आम्हीं निराळा प्रयोग केला. सुटीसाठीं विषय एकच ठेवला, आणि तोहि मुलांनींच काढला. नळाला कांहीं दिवसांच्या अंतरानें पाणी येणें हें आमच्या छत्रपति संभाजीनगराचें, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादचें, कित्येक वर्षांचें दुखणें आहे. पाण्याच्या दिवशीं पिंपें भरतांना कन्येनें विचारलें, "हे पाणी येतं कुठून?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. एक कोरी वही दिली आणि सांगितलें कीं सुटी संपण्यापूर्वीं दोघांनीं मिळून याचें उत्तर लिहावयाचें.

पहिला आठवडा घरांतच गेला. स्नानास किती बादल्या, भांड्यांस किती, झाडांस किती, याची मोजदाद झाली. मोरींतील नळ ठिबकत होता, त्याखालीं मुलांनीं फुलपात्र ठेविलें. तें तासाभरांत भरलें. मग गुणाकार आला: दिवसाचीं चोवीस फुलपात्रें, म्हणजे जवळजवळ ५ लिटर पाणी. कोणी न सांगतां दुसऱ्याच दिवशीं चिरंजीवांनीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून वायसर आणला. आजीस त्यांनीं १९७२ च्या दुष्काळाची हकीकत विचारली. खडी फोडावयास गेलेले शेतकरी, वाटली जाणारी सुकडी, परदेशांतून आलेली मिलो ज्वारी, हें सर्व वहींत उतरलें. त्यापुढें मुलांनीं स्वतःच शोधून एप्रिल २०१६ ची नोंद केली: त्या महिन्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें.

दुपारच्या वेळेचा उपयोग माठानें करून दिला. वापरांतल्या माठांत आणि स्टीलच्या डब्यांत सारखेंच पाणी घालून दोन्ही सावलींत शेजारीं शेजारीं ठेविले, आणि सकाळसंध्याकाळ काट्यावर तोलले. संध्याकाळीं माठ हलका झाला होता. पाणी मात्र डब्यांतल्यापेक्षां पुष्कळच गार होतें. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना आंतील उष्णता घेऊन जातें, ही गोष्ट पुस्तकांत वाचून जी पटत नव्हती, ती काट्यानें पटविली.

यानंतर आम्हीं घराबाहेर पडलों. सकाळीं सहालाच निघावें आणि दहाच्या आंत घरीं येऊन पन्हें घ्यावें, हा नियम ठेविला. पहिलें ठिकाण खाम नदीच्या कांठची पाणचक्की. आपण पाहुण्यांस ती दाखवून आणतों. पण ती चालते कशी, हें आपण स्वतः तरी कधीं नीट पाहिलें आहे काय? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारची ही चक्की तेथें येणाऱ्यांसाठीं धान्य दळीत असे. उत्तरेकडील डोंगरांतील झऱ्याचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं आणलें, उंच भिंतीवर चढविलें, आणि तेथून खालीं सोडून चाकाच्या पात्यांवर पाडलें. चाक फिरलें कीं जातें फिरतें. बैल नको आणि माणूसहि नको. तेथील मोठ्या हौदाखालीं एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेंच त्याचें छत. उन्हाळ्यांत त्याचा गारवा अनुभवून मुलांस माठाची आठवण झाली, हें आम्हांस विशेष वाटलें.

"पाणी भिंतीवर चढलं कसं?" हा प्रश्न अर्थात् आलाच. घरीं येऊन गवंडी पातळी धरण्यास वापरतात तसली पारदर्शक नळी आणली, तींत रंगीत पाणी भरलें, आणि दोन्ही तोंडें वरखालीं करून पाहिलीं. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर येई. म्हणजे झरा उंचावर असला कीं बंद नळांतलें पाणी जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत आपोआप चढतें. मग दोऱ्याच्या रिकाम्या रिळास जाड पुठ्ठ्याचीं पातीं चिकटवून, त्यांवर मेण चोळून, बागेंतल्या नळीखालीं छोटी चक्कीहि फिरविली.

याच युक्तीवर हें शहर उभें राहिलें. १६१० मध्यें निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर यानें खडकी या लहानशा गांवीं नगर वसविलें. आणि हबशी गुलाम म्हणून आयुष्य आरंभिलेल्या या मनुष्यानें डोंगराच्या उतारावरील पाणी भूमिगत नहरीनें शहरांत खेळविलें. तीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी.

शेवटची सहल पैठणची, कारण आज आमच्या नळास येणारें पाणी तेथील नाथसागराचें आहे. जायकवाडीच्या या धरणाचा पाया १९६५ मध्यें लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला, आणि उद्घाटन १९७६ मध्यें इंदिरा गांधी यांनीं केलें. सुमारें १० किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे पाहून मुलें थक्क झालीं. परंतु नकाशावर उंची पाहतांना कन्येस जी गोष्ट सांपडली, तिची आम्हांस अपेक्षा नव्हती. पैठण सखल, शहर उंचावर. म्हणजे प्रत्येक थेंब वीज खर्चून सुमारें पन्नास किलोमीटर वर चढवावा लागतो. तिनें वहींत लिहिलें: "मलिक अंबरचे पाणी उतरत येई, आमचे पाणी चढत येते. म्हणून ते सांडू नये."

हें वाक्य आम्हीं शिकविलेलें नव्हे. वर्गांस आमचा विरोध नाहीं. ज्या मुलास ज्याची गोडी, तें त्यानें अवश्य शिकावें. तथापि सुटीचा एक तरी भाग मुलाच्या स्वतःच्या प्रश्नासाठीं मोकळा ठेवावा, आणि उत्तर ठाऊक असलें तरी पालकांनीं तें ओठांवर येऊं देऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. वाचकांच्या गांवीं पाणचक्की नसेल. पण जुना आड, बारव, तळें किंवा निदान ठिबकणारा नळ तरी असेलच. खर्च एका वहीचा. या जूनमध्यें निबंधासाठीं चिरंजीवांस पेन्सिल चावावी लागली नाहीं. उलट पान पुरलें नाहीं, म्हणून ते पुरवणी मागावयास उठले.