गोष्टीचा शेवट कुठून येतो?

"गोष्टीत शेवटी काय झालं?" याचं उत्तर मुलं पटकन देतात. "तसंच का झालं?" म्हटलं की गप्प होतात. आपल्या राहाता तालुक्यातल्या शिर्डीची, दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'च्या पहिल्या अध्यायातली जात्याची गोष्ट घेऊ.

साईबाबा गहू दळायला बसतात. चार बायका धिटाईने पुढे होऊन जात्याचा खुंटा हातात घेतात. दळताना त्यांना वाटतं, बाबांना ना घर ना संसार, पीठ आपल्यालाच मिळणार. त्या चार वाटे करतात. इथे संघर्ष उभा राहतो: बायकांचा लोभ आणि बाबांचा हेतू. बाबा रागावतात, पीठ शिवेवर ओढ्याकाठी टाकायला सांगतात. गावातली पटकीची साथ त्यानंतर ओसरली, असं कथा सांगते.

आता वर्गात विचारा. बायका धीट नसत्या तर? संघर्षच झाला नसता. बाबा गप्प राहिले असते तर? पीठ चार घरांत गेलं असतं. म्हणजे शेवट आपोआप येत नाही, स्वभावातून येतो.

फळ्यावर तीन रकाने आखा: स्वभाव, संघर्ष, शेवट. आणखी एक दाखवा. लोभ धरणाऱ्या त्याच बायका शिवेवर पीठ टाकून येतात. माणूस एकाच गुणाचा नसतो, हे मुलांना इथे कळतं.