तुटलेला हात आणि मेंदूंतील नोंद

आमच्या शेजारच्या गांवच्या एका बागाइतदारांचा उजवा हात सन २०१६ च्या गुऱ्हाळांत चरकांत सांपडला. ऊस घालतांना बाही लाटांत ओढली गेली व इंजिन बंद होईपर्यंत मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांस हात कोपराजवळ कापावा लागला. जखम यथाकाल भरून आली. परंतु सहा महिन्यांनीं ते गृहस्थ एका दाखल्यासाठीं कचेरींत आले असतां दबक्या आवाजांत मला म्हणाले, "भाऊसाहेब, हात गेला, पण त्याची मूठ अजून वळलेलीच आहे. नखें तळव्यांत रुततात. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाहीं." मीं त्यांस 'मन खंबीर करा' असें सांगून वाटेस लावलें. पुढें घरच्यांनीं बाहेरची बाधा समजून एका देवऋष्याकडे बरीच रक्कम घातली. त्या वेळीं मला या विषयाची चार अक्षरें ठाऊक असतीं तर तें टळतें, ही रुखरुख निवृत्तीनंतरहि गेली नाहीं. म्हणून हा लेख.

ही पीडा भुताची नव्हे आणि वेडाचीहि नव्हे. सोळाव्या शतकांत आंब्रोज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें तिचें वर्णन करून ठेविलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत (१८६१ ते १८६५) असंख्य शिपायांचे हातपाय कापावे लागले. त्यांवर उपचार करणारे फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेयर मिचेल यांनीं १८७१ सालीं या अनुभवास 'अवयवाचें भूत' अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलें. नांवांतच भूत यावें हें दुर्दैव! अवयव गमावलेल्या बहुतेकांस तो अवयव जागेवर असल्याचें जाणवत राहतें, आणि त्यांतील पुष्कळांस तेथें वेदनाहि होतात.

याचें कारण समजण्यासाठीं मेंदूचा नकाशा पाहिला पाहिजे. मेंदूच्या पृष्ठभागावर सर्व शरीराचा जणूं गांवनकाशा असतो. कॅनडांतील मॉन्ट्रियलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं, शुद्धीवर असलेल्या रोग्यांच्या उघड्या मेंदूस विजेचा सौम्य स्पर्श करून, त्याची मोजणी १९३७ सालीं प्रसिद्ध केली. यांत क्षेत्र अवयवाच्या आकारावर ठरत नाहीं, त्याच्या नाजुक कामावर ठरतें. पाठीच्या वांट्यास चिंचोळी पट्टी, तर बोटें व ओठ यांस ऐसपैस गट. आणि हाताच्या गटास लागूनच चेहऱ्याचा गट आहे.

हात गेला म्हणजे त्याच्या गटाचें काय होतें? हाताच्या संवेदनेच्या नसा सुमारें १२ वर्षांपूर्वीं तोडलेल्या कांहीं माकडांची पाहणी अमेरिकेंत १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांच्या मेंदूंतील हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शास जाब देऊं लागला होता. शेजाऱ्यानें बांध कोरून पडीत रान वहिवाटीस आणावें तसाच हा प्रकार. तमिळनाडूंत जन्मलेले व अमेरिकेंत संशोधन करणारे डॉक्टर व्ही. एस. रामचंद्रन यांस असे रोगी आढळले कीं, त्यांच्या गालास कापूस लावतांच गेलेल्या बोटांस स्पर्श झाल्याचें त्यांस वाटे. यावरून मेंदू आपली जमीन पडीक ठेवीत नाहीं, असें मत रूढ झालें.

परंतु २०२५ सालीं ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनीं या मतास मोठा धक्का दिला. वैद्यकीय कारणानें हात कापावा लागणार अशा तिघांच्या मेंदूंचीं चित्रें त्यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं घेतलीं, व मागाहूनहि, कांहीं बाबतींत पांच वर्षांपर्यंत, पुनःपुन्हां घेतलीं. आधीं खरीं बोटें हलवावयाचीं, नंतर नसलेलीं. दोन्ही वेळचीं चित्रें जवळजवळ सारखीं निघालीं. ओठांच्या गटानें हाताच्या गटावर अतिक्रमण केल्याचें दिसलें नाहीं. तीन ही संख्या लहान खरी; पण त्याच माणसाची आधींची व नंतरची मोजणी समोरासमोर ठेवणें, हा पुरावा माझ्या मतें वजनदार आहे. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास तो लवकर पटतो. नदीनें मळी खरवडून नेली तरी तिचा नंबर खातेदाराच्या नांवावर चालूंच असतो, आणि त्यानें अर्ज करीपर्यंत आकारहि चढत राहतो. मेंदूंतील हाताची नोंदहि अशीच कमी होत नाहीं.

वेदनेचें मात्र एकच मूळ सांगतां येत नाहीं. तुटलेल्या नसांच्या टोकांस गांठी धरतात व त्या भलतेच निरोप वर धाडतात, हें एक कारण होय. यास्तव थोटकास हात लावतांच कळ येत असेल तर डॉक्टरांस तें स्पष्ट सांगावें. औषधें आहेत, क्वचित् शस्त्रक्रियाहि करितात. कृत्रिम हातपाय जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिति १९७५ पासून विनामूल्य बसवून देत आली आहे.

घरीं करण्याजोगा एक उपाय रामचंद्रन यांनींच १९९० नंतरच्या दशकांत काढला. छातीसमोर आरसा उभा धरावा. थोटा हात आरशामागें ठेवून धडका हात पुढें ठेवावा, म्हणजे गेल्या हाताच्या जागीं त्याचें प्रतिबिंब दिसतें. मग त्याकडे पाहत मूठ सावकाश मिटावी व उघडावी. सर्वांसच गुण येतो असें नाहीं, परंतु खर्चहि नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मी घरचा आरसा काढून त्या बागाइतदारांकडे गेलों. प्रथम त्यांच्या सुना पदराआड हंसल्या. रोज सकाळीं पाव तास, असा क्रम त्यांनीं धरिला. बाराव्या दिवशीं त्यांचा निरोप आला कीं, चार बोटें उघडलीं, झोंप लागते. अंगठा तेवढा अजून दुमडलेला आहे.