बरगीच्या पाण्यात कोण काय खातं?

माशाचं तोंड पाहिलं की तो कुठे चरतो ते कळतं. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, टिपतो. मृगळाचं तोंड खाली, त्यामुळे तो तळाचा गाळ चाळत फिरतो. जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण झालं आणि 1990च्या सुमारास जलाशय भरला, तेव्हा या तोंडांचं नशीब फिरलं.

त्याआधी इथली नर्मदा खडकांवरून धावत होती. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, दगडांवर शेवाळ धरतं, त्याच्या आसऱ्याने अळ्या आणि गोगलगायी वाढतात. महासीर, म्हणजे नर्मदाकाठचा बाडस, यावरच पोसायचा. धरणाच्या कितीतरी आधी होशंगाबादेत संशोधकांनी या माशांची पोटं तपासली, तेव्हा पाणवनस्पती, गोगलगायी, शिंपले आणि कीटक निघाले.

धरणाने 162 गावं बाधित झाली. शेतं आणि जंगलही बुडालं. उष्ण प्रदेशात बुडालेला पाला झपाट्याने कुजतो, मातीतले किडे, गांडुळं पाण्यात येतात आणि नव्या जलाशयात पहिली काही वर्षं माशांची चंगळ असते. ती टिकत नाही. खोल तळाला ऊन मिळत नाही, काठावर पाण्याची पातळी सतत खाली-वर होत असल्याने वनस्पती नीट रुजत नाहीत. उरतात मोकळ्या पाण्यातले प्लवक आणि तळाचा गाळ. कटला-मृगळांना हे मानवतं. शिवड्यासारखा शिकारी लहान मासे मिळाले की खूश. मिळेल ते खाणारा तगतो, दगडावरच्या शेवाळावर जगणारा मागे पडतो.

आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा जलाशयात तर मोकळ्या पाण्यातले प्लवक खाईल असा मासाच नव्हता. शेवटी 1967-68मध्ये टांगानिका सरोवरातून चिमुकले मासे आणून सोडले, आणि तिथली मासेमारी त्यांच्यावरच उभी राहिली.

बरगीत कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडतात. 1994मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांना मासेमारीचा हक्क मिळाला, तो मोठ्या झगड्यानंतर. त्यांच्या जाळ्याला बीज हवंच, त्यात वाद नाही. पण बाडसाला असं पोसता येत नाही. 2011मध्ये मध्य प्रदेशाने महासीराला राज्यमासा केलं. त्याला अंडी घालायलाही वाहतं पाणी आणि खडेवाळूच लागते. धरणाच्या वरच्या अंगाला बंजर आणि बुढनेर या नद्या नर्मदेला मिळतात. तिथली वाळू उपसली गेली, तर राज्यमाशाचा मान कागदावरच राहील.