फोनवरची चिठ्ठी आणि गावचा पेढा



दुकानावर चिठ्ठी देण्याची रीत आपल्याला नवी नाही. ‘चिठ्ठी आणणारास एक किलो पेढे द्यावेत, पैसे उसाचे बिल आल्यावर देतो,’ एवढ्या एका ओळीवर आपल्या वाडवडिलांनी पाहुण्यांच्या घरी गोडधोड पोचते केले. त्या कागदाला किंमत होती ती लिहिणाऱ्याच्या शब्दाची.

आज हीच चिठ्ठी मोबाईलवर आली आहे. शहरात नोकरीला असलेला मुलगा अॅपवर पैसे भरतो, आईच्या फोनवर संदेश येतो आणि तो दुकानात दाखवला की मिठाई मिळते. सोय चांगली आहे. पण परवा बाजारपेठेत एक प्रसंग पाहिला, तो सांगण्यासारखा आहे.

आपले एक वयस्क सभासद पोराने पाठवलेली भेट घ्यायला दुकानात आले. गळीत हंगामाच्या गडबडीत त्यांनी संदेश उशिरा उघडला होता.

“काका, मुदत संपली की हो. मशीन घेईना,” दुकानदार म्हणाला.

“आरं, पैसं पोरानं भरल्यात, पेढं तुझ्याकडं हाईत. मग अडलंय कुठं?”

दुकानदार गप्प राहिला. कारण पैसे त्याच्याकडेही आले नव्हते. ते होते मधल्या कंपनीकडे. काकांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता.

दक्षिण कोरियात ही पद्धत फार रुजली आहे. तेथे काकाओटॉक नावाचे निरोपाचे अॅप मार्च २०१० मध्ये निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यावरून भेट पाठवण्याची सोय झाली. वाढदिवसाला कॉफी, केक अशा भेटींची चिठ्ठी फोनवर जाते, दुकानदार पट्ट्यांचे चिन्ह यंत्राने वाचतो आणि माल देतो. पण तेथेही हेच दोन वाद उभे राहिले. मुदत संपलेल्या चिठ्ठीच्या परताव्यासाठी सरकारी आयोगाला प्रमाण अटी ठरवून द्याव्या लागल्या. शिवाय कमिशन जड होते आणि पैसे उशिरा हाती पडतात, अशी छोट्या दुकानदारांची तक्रार राहिली.

उशिरा पैसे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उसाचे बिल १४ दिवसांत मिळावे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहावे लागले ते उगीच नव्हे. पेढेवाल्याला मात्र असा आदेश नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या नियमावलीत भेटीच्या कुपनाला १०,००० रुपयांची मर्यादा घातली आणि मुदत किमान एक वर्षाची ठेवली. त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. मात्र एखादे दुकान फक्त स्वतःच्याच मालासाठी कुपन काढते, त्याला ही नियमावली लागू होत नाही. तेव्हा भेट पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : पैसे कोणाकडे राहतात? मुदत किती? दुकानदाराच्या हाती कधी आणि किती पडतात? काट्यावर पावती न वाचता आपण निघत नाही, मग इथे तरी का निघावे?

आणि ओळखीचे दुकान असेल तर याहून सरळ वाट आहे. मुलाने दुकानदाराला फोन करावा, “अमक्यांच्या घरी एक किलो पेढे पोचवा,” आणि यूपीआयने पैसे थेट त्याच्या बँक खात्यात भरावेत. २०१६ साली सुरू झालेल्या या पद्धतीत बँक खात्यातून दिलेल्या पैशावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही. मधे कोणी नाही, मुदत नाही, आणि पैसा आपल्याच पेठेत फिरतो. पेढेवाला दूध आपल्याच गोठ्यातले घेतो, हे विसरून चालणार नाही.

एक इशारा मात्र घरातल्या सर्वांना द्या. ‘तुम्हाला भेट आली आहे, पिन टाका’ असे कोणी म्हटले तर ती लबाडी समजा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

त्या काकांना दुकानदाराने शेवटी पाव किलो पेढे स्वतःच्या पदरचे बांधून दिले. “पोराला सांगा, पुढच्या येळी मलाच फोन कर म्हणावं,” तो म्हणाला. काकांनी पुडी पिशवीत ठेवली, पण पाव किलोचे पैसे गल्ल्यावर ठेवूनच ते पायरी उतरले. मधल्या कंपनीचा हिशेब मात्र अजून बाकी आहे.