बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

एखाद्या कंपनीचं आयटी धडधाकट आहे का, हे बघताना मी आधी एकच प्रश्न विचारतो: बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचं कधी बघितलंय?

गिटलॅबचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनीअरकडून चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं. बॅकअप होतेच की! पण रोजचा बॅकअप घेणारं टूल डेटाबेसपेक्षा जुन्या व्हर्जनचं होतं, म्हणून ते गुपचूप फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कामी आली ती योगायोगाने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली कॉपी. मधला डेटा गेला तो गेलाच. हे सगळं कंपनीनेच जाहीर केलं.

म्हणून डॅशबोर्डवरच्या हिरव्या टिकवर विसंबू नका. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: डेटा नीट उघडला का, कधीपर्यंतचा आहे, परत आणायला किती वेळ लागला.

काकांच्या दुकानात बिलिंगचा एकच कॉम्प्युटर असला, तरी हेच लागू!